बुजऱ्या पिल्लाला माणसाळायला किती वेळ द्यावा?

प्रश्न : आम्ही मुलुंड पूर्वेला वन बीएचके घरात राहतो. घरात मी, यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई अशी चार माणसे आहेत. बारा दिवसांपूर्वी ओळखीच्या एका प्राणिमित्र ताईंकडून आम्ही मांजरीचे पिल्लू दत्तक घेतले. त्यांना ते एका बंद गोदामात सापडले होते. ते मादी असून वय अंदाजे अडीच महिने आहे. मुलीने तिचे नाव भुरी ठेवले. आल्यापासून भुरी हॉलमधल्या दिवाणाखाली बसून आहे. रात्री आम्ही झोपलो की बाहेर येऊन खाते, ट्रेमध्ये शी-शू करते आणि पुन्हा आत जाते. हात पुढे केला की फिस्कारते. परवा मुलीने तिला ओढून मांडीवर घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिने बोचकारले आणि थोडे रक्तही आले. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कोंडून ठेवण्यापेक्षा खाली सोसायटीत सोडून द्या. मुलगी रडते आहे. त्यातच तीन आठवड्यांवर गणपती आले आहेत. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो आणि घर माणसांनी भरलेले असते. हिला घरी आणून आम्ही चूक केली का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी मुलीच्या जखमेविषयी बोलणे आवश्यक आहे. भुरीला अजून रेबीजची लस मिळालेली नसणार, कारण ती साधारणपणे तीन महिन्यांच्या वयाला देतात; आणि ओरखड्यातून रक्त आलेले आहे. त्यामुळे जखम कितीही लहान असली तरी आजच मुलीला डॉक्टरांकडे न्या. अशी जखम त्याच क्षणी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची असते. ते राहून गेले असेल तर आता धुवा आणि मग निघा. महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजप्रतिबंधक लस विनामूल्य मिळते. लसीच्या किती मात्रा द्यायच्या आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचायचे का, हे डॉक्टर ठरवतील. पिल्लू घरातच आहे आणि व्यवस्थित खाते-पिते आहे हे त्यांना सांगा, कारण बोचकारलेल्या किंवा चावलेल्या मांजरावर १० दिवस लक्ष ठेवण्याला उपचारांच्या दृष्टीने महत्त्व असते. मात्र ते दिवस सरण्याची वाट पाहत लस लांबवू नका. भुरीला खाली न सोडण्याचे पहिले कारण हेच आहे.

आता भुरीविषयी. तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टी तुम्हाला निराशाजनक वाटल्या, त्यांतल्या बऱ्याचशा मला आश्वासक वाटतात. ती रोज खाते, ट्रे वापरते आणि घर शांत झाले की बाहेर येऊन हिंडते. याचा अर्थ तिला भूक लागते, जागा समजते आणि तिच्या भीतीला कुतूहलाची जोड आहे. खरोखर हाताबाहेर गेलेले पिल्लू दिवसचे दिवस अन्नाला तोंड लावत नाही. फिस्कारणे हा हल्ला नसून दूर राहण्याची विनंती असते, आणि भुरी ती विनंती आधी करते, पंजा नंतर उगारते. मुलीने विनंती ओलांडली म्हणून पंजा आला. यात दोष मुलीचा नाही आणि भुरीचाही नाही, हे मुलीला स्वतंत्रपणे बसवून सांगा. तिला अपराधी वाटत राहिले तर ती पिल्लाशी सहजपणे वागू शकणार नाही.

ही भीती येते कुठून, हे समजले तर घरातल्या सगळ्यांनाच धीर धरणे सोपे जाईल. मांजरांच्या पिल्लांची माणसांशी ओळख होण्याचा सर्वांत अनुकूल काळ म्हणजे वयाचा साधारण दुसरा ते सातवा आठवडा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या अभ्यासांतून हे पुढे आले : या काळात ज्या पिल्लांना माणसांनी नियमितपणे हाताळले, ती पुढे माणसांपाशी मोकळी झाली. भुरीचा तो काळ बंद गोदामात गेला. त्यात रक्ताचाही भाग असतो. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात असे दिसले की धीट बोक्याची पिल्ले नवख्या माणसांना आणि नवख्या वस्तूंना कमी घाबरतात, आणि तीही बाप प्रत्यक्ष सहवासात नसताना. म्हणजे भुरी तुमच्या घरी येण्यापूर्वीच तिच्या स्वभावाचा बराचसा भाग ठरून गेला होता. सातव्या आठवड्यानंतर दार बंद होते असे मात्र नाही. अडीच-तीन महिन्यांचे पिल्लू माणसाळते. त्याला वेळ जास्त लागतो आणि प्रत्येक पायरीवर त्याची संमती जास्त काळजीपूर्वक घ्यावी लागते. बारा दिवस हा काळ त्या मानाने फार थोडा आहे. काही आठवडे धरून चाला, आणि काही महिने लागले तरी ते वावगे समजू नका.

तुमच्या घरात मी सर्वप्रथम बदलेन ती तिची जागा. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये दिवाण असतो तो हॉलमध्ये, म्हणजे टीव्ही, दाराची घंटा, वॉशिंग मशीन आणि पाहुण्यांच्या चपला या सगळ्यांच्या मधोमध. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे; मिक्सर आणि कुकरची शिट्टी तिच्या कानाला कशी वाटत असेल याची कल्पना आपण करू शकत नाही. नव्या मांजराला सुरुवातीला एकच खोली द्यावी, असे सर्वत्र सांगितले जाते, पण ज्या घरात चार माणसांना दोनच खोल्या आहेत तिथे मांजराला स्वतंत्र खोली कुठून द्यायची, हा प्रश्न रास्त आहे. तुमच्यासाठी बेडरूमचा एक कोपरा पुरेसा आहे. मोठा घडीचा पिंजरा मिळाला तर उत्तम; बहुधा त्या प्राणिमित्र ताईंकडेच तो उसना मिळेल. त्याचा अर्धा भाग जुन्या सुती साडीने झाका, आत पुठ्ठ्याचे एक खोके आडवे ठेवा, एका टोकाला ट्रे आणि दुसऱ्या टोकाला पाणी व खाणे ठेवा, कारण मांजराला शौचाच्या जागेजवळ जेवायला आवडत नाही. पिंजऱ्याचा उपयोग शिक्षेसारखा होऊ नये, म्हणून घर शांत असताना त्याचे दार उघडे ठेवा. पिंजरा नसेल तर टेबलाखाली साडीचा पडदा सोडून तसाच आडोसा करता येतो. बाथरूममध्ये मात्र तिला ठेवू नका. तिथली ओल, बादल्यांचा आवाज आणि फिनाइल ही तिन्ही तिच्यासाठी वाईट आहेत. फिनाइलसारखी जंतुनाशके मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि ओल्या फरशीवरून चाललेले मांजर स्वतःचे पंजे चाटते. तेव्हा तिच्या वावराच्या जागेची फरशी साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा.

लपायला जागा दिली तर ती कायमची लपूनच बसेल, ही शंका अनेकांना येते. अनुभव याच्या उलट आहे. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्यासाठी खोकी दिली, त्यांचा ताण खोकी न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर उतरला. लपण्याची सोय असली की बाहेर येण्याचे धाडस वाढते. दिवाणाखालची जागा ही गैरसोयीची अशासाठी की तिथे तुम्ही तिला दिसत नाही, फक्त पाय दिसतात. खोक्याच्या तोंडातून तिला पूर्ण माणूस दिसतो आणि माणूस पाहत पाहत ती त्याला सरावते. जागा बदलताना तिला दिवाणाखालून ओढून काढू नका, झाडू घालू नका आणि दिवाण उचलू नका. रात्री खाण्याची वाटी रोज थोडी बेडरूमच्या दिशेने सरकवा, आणि ती आत जेवत असताना शांतपणे दार लोटून घ्या. मग दिवाणाखालची फट उशा किंवा पुठ्ठे लावून बंद करा.

यानंतरचे सगळे काम अन्नाच्या आधाराने करायचे आहे. सध्या वाटी दिवसभर भरलेली असावी असा माझा अंदाज आहे. ती तशी न ठेवता दिवसातून चार वेळा ठरलेल्या वेळी खायला द्या आणि प्रत्येक वेळी वाटीसोबत घरातले एक माणूस तिथे थांबू द्या. पाणी कायम असावे. तिला उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा विचार मनात आणू नका. या वयाच्या पिल्लाने २४ तास काहीच खाल्ले नाही तर ती डॉक्टरांकडे नेण्याजोगी बाब असते. पिल्लांसाठीचे तयार ओले खाणे, किंवा मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी तिला आवडेल. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशींना घातक असतात. दूध देऊ नका, जुलाब होतील. तुमचे घर शाकाहारी असेल तरी पिल्लाला वरण-भातावर वाढवता येणार नाही, कारण टॉरिन हा घटक मांजराचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि त्याच्या अभावी डोळे व हृदय निकामी होऊ शकतात; अशा घरांत तयार खाण्याची पाकिटे हा सोयीचा मार्ग आहे.

थांबणाऱ्या माणसाने जमिनीवर बसावे, तिच्याकडे तोंड न करता थोडे बाजूला वळून बसावे आणि हात स्वतःपाशी ठेवावेत. सुरुवातीला अंतर इतके असावे की माणूस असतानाही ती जेवेल. ती थबकली आणि खाईना, तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागे सरका. ती निर्धास्त जेवू लागली की एक-दोन दिवसांनी वीतभर पुढे या. प्रगती मोजायची ती या अंतरावरून. तिला हात लावता आला की नाही, यावरून नाही. या काळात आवाजाची सवयही लागते. मुलीने शाळेचे पुस्तक तिथे बसून एकसारख्या सुरात वाचावे. नजर मिळाली तर रोखून न पाहता डोळे हलकेच अर्धे मिटावेत, क्षणभर तसेच ठेवावेत आणि पुन्हा उघडावेत. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की माणसाने असे केले की मांजरेही डोळे बारीक करून प्रतिसाद देतात आणि अशा अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त सहजपणे येतात. मुलीला हा खेळ फार आवडेल, आणि पिल्लाला न ओढता त्याच्याशी बोलण्याचे एक साधन तिच्या हाती येईल.

मुलीसाठी दुसरे काम म्हणजे काठीला लांब चिंधी बांधून खेळवणे. पिल्लू चिंधीच्या मागे धावते तेव्हा त्याचे माणसाच्या हाताकडे लक्ष नसते, आणि नकळत ते हाताच्या जवळ येऊन जाते. खेळ संपला की चिंधी कपाटात ठेवून द्या, कारण दोरे आणि चिंध्या गिळल्या गेल्या तर आतडी गुंफली जाऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. उघड्या हाताने मात्र कधीही खेळवू नका. हात हे खेळणे नाही, हे तिला पहिल्यापासून कळले पाहिजे.

ती तुमच्या शेजारी बसून खाऊ लागली की स्पर्शाची पाळी येते. लांब दांड्याच्या चमच्याला मऊ खाणे लावून चाटू द्या. मग चमचा आखूड पकडा. मग बोटालाच लावा. नंतर एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर स्थिर धरा आणि हुंगू द्या. तिने गाल घासला तर दोन-तीन सेकंद गालावर, हनुवटीखाली किंवा कानाच्या बुडाशी खाजवा आणि आपणच हात मागे घ्या. वरून डोक्यावर येणारा हात तिला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. पोट, शेपूट आणि पंजे यांना अजून बराच काळ हात लावू नका. कान मागे गेले, अंग आक्रसले किंवा शेपटीचे टोक फटकारू लागले तर तिथेच थांबा. काही अनुभवी कार्यकर्ते अशा पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरतात आणि त्याची भीती मोडतात. सरावलेल्या हातांत ती पद्धत चालतेही, पण ती घरातल्या पहिल्याच पिल्लावर आणि तेही लहान मूल असलेल्या घरात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चुकली तर आतापर्यंत मिळवलेला विश्वास एका बैठकीत जातो. मानगूट धरून उचलणे आणि ओरडणे हेही टाळा.

सासूबाईंचे म्हणणे कळवळ्यातून आलेले आहे आणि त्यांना तसे मानानेच उत्तर द्यायला हवे. पिल्लू कोंडल्यासारखे दिसते, हे खरे आहे. पण खाली सोडलेल्या पिल्लाला तिथे स्वतःची जागा नसते. सोसायटीतली मोठी मांजरे आणि बोके त्याला टिकू देत नाहीत, कुत्र्यांचा धोका असतो, आणि पावसात ऊब शोधताना पिल्ले गाड्यांच्या इंजिनात शिरतात. जी माणसांच्या हाकेला येत नाही ती आजारी पडली तर सापडणारही नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, या घरात भुरीचे पहिले माणूस सासूबाईच ठरण्याची शक्यता मला सर्वांत जास्त दिसते. त्या दिवसभर घरी असतात, सावकाश हालचाल करतात आणि तिला पकडण्याची त्यांना घाई नाही. बुजरी मांजरे नेमकी अशाच माणसाकडे आधी येतात. दुपारचे खाणे त्यांच्याकडे द्या. श्रावणात त्या पोथी वाचत असतील तर ती बेडरूममध्ये, खोक्यापासून थोड्या अंतरावर बसून वाचण्याची विनंती करा. त्यांना हे काम आपलेसे वाटले तर घरातला वादही आपोआप मिटेल.

आता गणपती. त्या पाच दिवसांत भुरीला पाहुण्यांना दाखवायचे नाही, हे आधीच सर्वांनी ठरवून टाका आणि लहान भाचे-पुतण्यांनाही ते प्रेमाने सांगा. तिचा कोपरा बेडरूममध्ये असेल तर दाराला कडी लावून बाहेर चिठ्ठी चिकटवा. पाहुणे कपडे बदलायला किंवा सामान ठेवायला तिथे येणार असतील तर पिंजरा साडीने पूर्ण झाका आणि दार लावून घ्या. आरतीच्या आधी तिला खायला देऊन पंखा सुरू ठेवा, म्हणजे टाळ आणि घंटेचा आवाज थोडा दबेल. आगमनाच्या आठवडाभर आधीपासून मोबाइलवर आरती अगदी बारीक आवाजात, तिच्या जेवणाच्या वेळी लावत जा आणि ती खात राहील तेवढाच आवाज रोज वाढवा. सजावटीतल्या चार गोष्टींची मात्र कडक काळजी घ्या. पुष्पगुच्छांत येणारी मोठ्या पाकळ्यांची एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली घरातच आणू नका, कारण तिचे पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्याले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. कापूर तिच्या वाटेत राहू देऊ नका. मखराच्या चमकत्या झिरमिळ्या आणि हारांचे दोरे ती गिळू शकते. समई रात्री तिच्या हिंडण्याच्या वेळी उघड्यावर तेवत असू नये. विसर्जनाच्या रात्री बाहेर ढोल-ताशे आणि फटाके असतील, तेव्हा खिडक्या बंद करून घरातले एक माणूस तिच्याजवळ बसले तर बरे. या दिवसांनंतर ती पुन्हा काही काळ मागे गेली तर अंतर वाढवून तिथूनच सुरुवात करा; दुसऱ्यांदा ती वाट लवकर कापली जाते.

खिडक्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते : मुंबईच्या ग्रिलच्या गजांमधून पिल्लू सहज बाहेर जाते, आणि घाबरलेले पिल्लू उंचीचा विचार करत नाही. ती बाहेर मोकळी हिंडू लागण्याआधी खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवून घ्या.

पशुवैद्यांची पहिली भेट लांबवू नका. जंताचे औषध, तिहेरी लस आणि तीन महिन्यांना रेबीजची लस या गोष्टी बाकी आहेत. खासगी दवाखाना परवडत नसेल तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, हा पर्याय आहे. पण मुलुंडहून परळचा प्रवास बुजऱ्या पिल्लासाठी मोठा आहे, तेव्हा जवळचाच डॉक्टर मिळाला तर पाहा आणि मांजर बुजरे असल्याचे आधी फोनवर सांगून गर्दी नसलेली वेळ मागा. नेण्याची पेटी आजपासूनच तिच्या कोपऱ्यात उघडी ठेवा आणि कधीकधी आतच खायला द्या. मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते. म्हणून नसबंदीची तारीख पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

सोबतीला दुसरे पिल्लू आणावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी तुम्हाला ते नक्की सुचवील. दुसरे पिल्लू धीट आणि माणसाळलेले असेल तर त्याला पाहून बुजरे पिल्लू लवकर शिकते. दोन्ही घाबरट असतील तर ती एकमेकांच्या आधाराने लपतात आणि माणसांपासून आणखी दूर जातात. तुमच्या घराची जागा आणि सासूबाईंचे मन पाहता मी आत्ता ते करणार नाही.

तुम्ही चूक केली का, याचे उत्तर माझ्या दृष्टीने नाही असे आहे. तुम्हाला जी भुरी मिळेल ती कदाचित मांडीवर लोळणारी मांजर नसेल. पाहुणे आले की ती आयुष्यभर आत जाईल आणि घरच्या एका-दोघांपाशीच येईल. असे मांजर घरात सुखी असते, आणि ते तुम्हालाही पुरेसे वाटेल का, हे यजमानांशी आणि मुलीशी बोलून ठरवा. तीन-चार महिने वर सांगितल्याप्रमाणे वागूनही ती माणूस खोलीत असताना खातच नसेल, अंग चाटून साफ करणे सोडत असेल किंवा ट्रेबाहेर शी-शू करू लागली असेल, तर आधी डॉक्टरांकडून आजार नसल्याची खात्री करून घ्या आणि मग ज्या ताईंनी ती दिली त्यांच्याशी बोला. अधिक शांत, मूल नसलेले घर तिच्यासाठी शोधणे हा तेव्हा योग्य मार्ग असेल. सोसायटीच्या आवारात सोडणे तेव्हाही नसेल.